डोळा कुणाला असतो? वर्ड्सवर्थची रेल्वेविरोधी पत्रं वाचताना

वर्ड्सवर्थ आपल्याला शाळेत भेटतो तो डॅफोडिलची फुलं घेऊन, आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथेच संपते. एमएला इंग्रजी घेतलेल्यांना तो थोडा जास्त भेटतो. पण १८४४ साली, वयाच्या ७४व्या वर्षी, इंग्लंडचा राजकवी असताना त्याने 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या दैनिकाला जी दोन पत्रं लिहिली, ती सहसा कुणी वाचायला सांगत नाही. विषय रेल्वेचा. केंडलपासून विंडरमिअर तळ्यापर्यंत एक फाटा टाकायचं घाटत होतं आणि तो होऊ नये म्हणून म्हातारा इरेला पेटला होता. ऑक्टोबरात त्याने यावर एक सुनीत लिहिलं, व्यापार मंडळाचा अध्यक्ष असलेल्या ग्लॅडस्टनला पत्र पाठवलं, आणि डिसेंबरात ही दोन लांबलचक पत्रं. पुढे ती पुस्तिका म्हणूनही छापली गेली.

आपल्याकडे सध्या पर्यटनावर पीएचडी करायची इच्छा असणारे बरेच आहेत. प्रपोजलमध्ये 'शाश्वत पर्यटन', 'अतिपर्यटन', 'जबाबदार प्रवासी' असे शब्द असतात. त्या सगळ्या शब्दांच्या मुळाशी एक प्रश्न असतो आणि तो कुणी सरळ विचारत नाही: सुट्टीवर जायचा हक्क कुणाचा? वर्ड्सवर्थ तो विचारतो आणि उत्तरही देतो. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. म्हणून तुम्ही या विषयात काही करणार असाल तर मी म्हणेन, नवे पेपर वाचण्याआधी ही पत्रं वाचा. साधारण तासाभराचं काम आहे.

या पत्रांची दोन तयार वाचनं बाजारात मिळतात. एक म्हणजे वर्ड्सवर्थ हा पर्यावरणाचा पहिला रखवालदार, काळाच्या पुढे पाहणारा. दुसरं म्हणजे वर्ड्सवर्थ हा म्हातारपणी बिघडलेला खडूस माणूस, तरुणपणी फ्रेंच क्रांतीच्या बाजूने होता आणि आता गिरणी कामगार आपल्या अंगणात नकोत म्हणून ओरडतोय. दोन्ही वाचनांना पुरावा सापडतो. पण दोन्ही वाचनं पत्रं पूर्ण न वाचता करता येतात, हीच त्यांच्यातली अडचण.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणा. लँकेस्टरहून कार्लाइलकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गाला १८४४ सालीच मंजुरी मिळाली होती. तो मार्ग केंडलच्या अगदी जवळून जाणार होता, तिथून तळं काही मैलांवर. तीन वर्षांपूर्वी, ५ जुलै १८४१ला, टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला पाचशेच्या आसपास माणसं एका खास गाडीने नेली होती, माणशी एक शिलिंग घेऊन. (ती सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती. हे लक्षात ठेवा, पुढे दारू येणार आहे.) आणि ज्या ग्लॅडस्टनला वर्ड्सवर्थ साकडं घालत होता, त्याच ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने १८४४चा रेल्वे कायदा झाला. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी दिवसातून निदान एक गाडी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, वर छप्पर असलेली, आणि भाडं मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नाही. ही अट १ नोव्हेंबर १८४४पासून लागू झाली. वर्ड्सवर्थची पत्रं त्यानंतर महिना-दीड महिन्यात छापून आली. म्हणजे गरिबाला परवडणारा, पावसात न भिजवणारा रेल्वेप्रवास कायद्याने मिळाला, आणि लगेच प्रश्न उभा राहिला की हा माणूस आता जाणार कुठे.

आता वर्ड्सवर्थचा युक्तिवाद. निसर्गसौंदर्य ओळखण्याची नजर उपजत नसते, असं तो सांगतो. हिरवं शेत, ऊन, फुलं सगळ्यांनाच आवडतात. पण डोंगर, कडे, उजाड खिंडी यांत सौंदर्य दिसणं ही हळूहळू, सवयीने आणि संस्काराने येणारी गोष्ट आहे. पुरावा म्हणून तो इतिहास देतो: जुन्या प्रवाशांनी आल्प्स ओलांडताना कौतुकाऐवजी भीती आणि किळसच नोंदवली. केझिकला तो ज्या घरी उतरला होता त्या घरच्या बाईचंही तो सांगतो. तिचं म्हणणं असं की हल्ली जो तो देखाव्यांबद्दल बोलतो, आमच्या तरुणपणी असलं काही कुणी नावालाही काढत नव्हतं. हजारो लोकांना पुष्ट गुरं चरत असलेलं कुरण आख्ख्या आल्प्सपेक्षा मोलाचं वाटतं, हेही तो नोंदवतो. मला हे फार आवडतं. १८४४ साली एक कवी म्हणतोय की सौंदर्यदृष्टी ही इतिहासात घडलेली वस्तू आहे. आज आपण हेच वाक्य टाकून वर फ्रेंच नाव लावतो.

ते फ्रेंच नाव म्हणजे पिएर बूर्द्यू. १९७९च्या 'ला डिस्टिंक्शन'मध्ये त्याने हेच दाखवलं की आवडनिवड शिकलेली असते, आणि ती घर, शाळा, पैसा, फुरसत यांतून येते. पण बूर्द्यू तिथून विचारतो की शिकायची संधी कुणाला मिळाली आणि न मिळालेल्यांना कमी का लेखलं जातं. वर्ड्सवर्थ त्याच पायरीवरून उलट दिशेला उतरतो: नजर शिकावी लागते, कामगार आणि लहान दुकानदार ती शिकलेले नाहीत, एका दिवसाच्या सहलीत ती शिकता येणार नाही, म्हणून त्यांना झुंडीने इथे आणून त्यांचा फायदा नाही आणि ज्यांना नजर आहे त्यांचं नुकसान आहे. त्यांनी रविवारी चर्चला जाऊन आल्यावर बायकामुलांना घेऊन जवळच्या शेतांतून फिरावं.

गृहीतक एकच, निष्कर्ष दोन टोकांचे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हे ध्यानात असू द्या. एखादा लेखक 'अभिरुची ही सामाजिक रचना आहे' असं म्हणतो म्हणून तो आपल्या बाजूचा ठरत नाही. त्या वाक्यानंतर तो कुणाला दाराबाहेर उभं करतो ते बघायचं.

आणि हा युक्तिवाद कुठे फाटतो ते त्याच्याच एका उदाहरणात दिसतं. लोकांना साधं सौंदर्यही कसं दिसत नाही हे सांगताना तो एका भिंतीची गोष्ट देतो. मागे मातीचा उंचवटा आणि पुढे भिंत. तिच्यावर आयव्हीचे वेल, नेचे, शेवाळ, रानफुलं अशी आपोआप उगवलेली सुंदर नक्षी. ती बघून एक जण म्हणाला की ही बाग माझ्या हाती असती तर भिंतीवरची ही काळी घाण मी पार साफ करून टाकली असती. आता हा 'एक जण' कोण? लँकेशायरचा गिरणी कामगार? बिलकुल नाही. वर्ड्सवर्थ स्वतःच सांगतो की तो त्याचा एक शेजारी, प्रतिष्ठित माणूस.

म्हणजे डोळा नाही याचा जो ठसठशीत पुरावा त्याच्याकडे आहे, तो तळ्याकाठी राहणाऱ्या, अब्रूदार माणसाचा आहे. पण त्याला कुणी तळं सोडून जा म्हणत नाही. त्याचं तिथे असणं कुठल्याही परीक्षेवर अवलंबून नाही. परीक्षा फक्त तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरणाऱ्याला. नजर ही कसोटी असती तर ती सगळ्यांना लागली असती. ती एकालाच लागते, तेव्हा नजरेचं नाव घेऊन दुसरंच काहीतरी मोजलं जातंय.

वर्ड्सवर्थने या भागाची प्रवासी मार्गदर्शिकाही लिहिली होती. तिचा मजकूर पहिल्यांदा १८१०मध्ये, त्याच्या नावाशिवाय, चित्रांच्या एका संग्रहाची प्रस्तावना म्हणून आला आणि वाढत वाढत १८३५मध्ये तिची पाचवी आवृत्ती निघाली. ती इतकी खपली की एका पाद्रीसाहेबांनी कवीलाच विचारलं म्हणे, या मार्गदर्शिकेशिवाय आपण आणखी काही लिहिलंय का? (मॅथ्यू अर्नॉल्डने सांगितलेली गोष्ट आहे.) म्हणजे तळ्याकडे माणसं ओढून आणण्यात या गृहस्थाचा वाटा मोठा. त्या मार्गदर्शिकेत एक विधान आहे आणि ब्रिटनमधल्या राष्ट्रीय उद्यानांचा इतिहास सांगताना ते हटकून येतं: हा प्रदेश एक प्रकारे सगळ्या राष्ट्राची मालमत्ता आहे आणि त्यात प्रत्येक माणसाचा हक्क आहे, अशा अर्थाचं. १९४९चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१चं लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान, या सगळ्याचं बी म्हणून ते दाखवलं जातं. पण ते विधान तिथे संपत नाही. हक्क आहे तो ज्याला बघणारा डोळा आणि आस्वाद घेणारं मन आहे त्याचा. शेपटाला लावलेली ही अट आपण कविमनाची नक्षी समजून पुढे जातो. १८४४ची पत्रं वाचली की कळतं, ती अट होती आणि वेळ आल्यावर ती वापरली गेली.

तेव्हा कुठल्याही दस्तऐवजात 'सर्वांसाठी', 'प्रत्येकाचा', 'सार्वजनिक' असे शब्द दिसले की वाक्य शेवटपर्यंत वाचा. अट बहुधा शेवटी असते.

आता कामगारांना खरंच डोळा नव्हता का? हे विचारायचं आपण विसरतो. वर्ड्सवर्थचं म्हणणं हे मत वाटतं, पण त्याच्या पोटात एक तथ्याचा दावा आहे आणि तथ्याचा दावा तपासता येतो. त्याच १८४४ साली सॅम्युअल बॅम्फर्डचं दक्षिण लँकेशायरमधल्या पायी भटकंतीवरचं पुस्तक निघालं. बॅम्फर्ड हा हातमागावरचा विणकर, १८१९च्या पीटरलूच्या सभेत लोकांना घेऊन गेलेला आणि त्यापायी तुरुंगात बसलेला. चालणं, बघणं आणि बघितलेलं लिहिणं हे तो करत होता. पण तो एकटा अपवाद म्हणून सोडून द्याल, म्हणून दुसरी गोष्ट. लँकेशायरच्या विणकरांमध्ये आणि इतर कारागिरांमध्ये वनस्पती अभ्यासणारी मंडळं होती. रविवारी जमायचं, प्रत्येकाने रानातून काही ना काही आणायचं, टेबलावर ढीग मांडायचा आणि जाणत्याने एकेक झाड उचलून त्याचं लॅटिन नाव सांगायचं. वर्गणीतून पुस्तकं घ्यायची, ती आळीपाळीने वाचायची. ॲन सिकॉर्ड या इतिहासकार बाईंचा यावर १९९४चा निबंध आहे, तो जरूर वाचा. एलिझाबेथ गॅस्केलच्या १८४८च्या 'मेरी बार्टन' कादंबरीतही असे अभ्यासू विणकर भेटतात.

आणि ही मंडळं भरायची कुठे? दारूच्या गुत्त्यात. जमायला दुसरी जागाच नव्हती. वर्गणीचा काही भाग बिअरला, काही पुस्तकांना.

वर्ड्सवर्थच्या पत्रात रेल्वे आल्यावर काय काय होईल याची यादी आहे: कुस्त्यांचे फड, घोड्यांच्या आणि होड्यांच्या शर्यती, गुत्ते आणि बिअरची दुकानं. त्याच्या मनात गुत्ता एका बाजूला आणि नेच्यांची भिंत दुसऱ्या बाजूला. लँकेशायरात दोन्ही एकाच टेबलावर होती. त्या नेच्याला नुसतं सुंदर म्हणून न थांबता त्याचं कुळ सांगणारी माणसं त्याच झुंडीत येणार होती. कवीने त्यांना आधीच नापास केलं होतं.

जॉन उरीच्या 'द टुरिस्ट गेझ' (१९९०) मध्ये दोन प्रकारच्या नजरा सांगितल्या आहेत. एक एकांत शोधणारी, दुसरी गर्दीतच रमणारी. पर्यटनावरच्या प्रबंधात ही जोडी न चुकता येते आणि बऱ्याचदा लेबलासारखी चिकटवली जाते: मध्यमवर्ग पहिल्या खणात, गरीब दुसऱ्या खणात. उरीचं पुस्तक कामाचंच आहे, पण त्या जोडीचा असा वापर झाला की वर्ड्सवर्थचीच चूक नव्या शब्दांत होते. विणकरांचं मंडळ कुठल्या खणात टाकाल? रविवारी घोळक्याने रानात जाणारी, गुत्त्यात बसून लॅटिन बोलणारी माणसं दोन्ही खणांत मावत नाहीत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, झालं, म्हातारा खडूसच होता. पण दुसऱ्या पत्रात मध्येच त्याचा सूर बदलतो. यॉर्कशायर आणि लँकेशायरचे गिरणीमालक आपल्या कामगारांना गाड्या भरभरून तळ्यावर पाठवणार, याबद्दल तो बोलत असतो. तो म्हणतो, हे माणसांना लहान मुलांसारखं वागवणं झालं. मालकाच्या मर्जीने जायचं, मालकाच्या मर्जीने परत यायचं, उशीर झाला तर गुन्हेगार ठरायचं. त्यापेक्षा मालकांनी दहा तासांच्या कामाच्या दिवसाचं विधेयक मान्य करावं, मजुरीत शक्यतो काहीच कपात न करता. मग हा माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःला वाटेल त्या दिशेला फिरायला जाऊ शकेल.

हा भाग पहिल्या वाचनात निसटतो, कारण आपण तोवर निकाल लावलेला असतो. नीट बघा काय झालंय ते. पहिल्या पत्रात कामगाराकडे नजर नाही म्हणून त्याने येऊ नये. दुसऱ्या पत्रात कामगाराकडे वेळ नाही, आणि तो मिळाला तर त्याने हवं तिथे जावं. 'हवं तिथे' यात विंडरमिअर येतं की नाही? वर्ड्सवर्थची आशा बहुधा अशी की येणार नाही. पण शब्द लिहून बसला. नजरेचा युक्तिवाद आणि वेळेचा युक्तिवाद एकाच पत्रव्यवहारात एकमेकांशी भांडतायत आणि लेखकाला ते कळलेलं दिसत नाही. समीक्षा करायला अशा जागा सोन्यासारख्या असतात.

वेळेचा मुद्दा त्याला सुचावा हे साहजिकही आहे. १७९०च्या उन्हाळ्यात केंब्रिजला असताना तो आणि त्याचा मित्र रॉबर्ट जोन्स फ्रान्स आणि आल्प्समधून पायी हिंडून आले. परीक्षेचा अभ्यास करायचा सोडून, घरच्यांची नाराजी पत्करून, अगदी थोडक्या पैशात. आजच्या भाषेत बजेट ट्रिप. साधा प्रवास म्हणून त्याचं कौतुक करावं असाच तो आहे. पण पैसे थोडे लागले, दिवस किती लागले? जुलै ते ऑक्टोबर. मँचेस्टरपासून विंडरमिअर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पायी जायचं तर तीनचार दिवस जायला, तितकेच यायला. ज्याच्या हातात आठवड्यातला एक रविवार आहे त्याला साधेपणाने जाता येत नाही. त्याला गाडीच लागते, आणि गाडीने आला की तो झुंडीतला ठरतो.

सध्या 'स्लो ट्रॅव्हल'चं जे कौतुक चालतं, गावात महिनाभर राहा, लोकांत मिसळा, घाई करू नका, ते वाचताना मला हेच आठवतं. पैशाने साधं, वेळेने श्रीमंत. त्यावर प्रबंध लिहिणार असाल तर उत्तरदात्यांना खर्च विचारता तशा रजाही विचारा. भरपगारी किती, बिनपगारी किती.

पुढचा इतिहास थोडक्यात. रेल्वे आली, १८४७मध्ये. वर्ड्सवर्थ हरला, निदान अर्धा. मूळ बेतापेक्षा ती अलीकडेच थांबली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बायका आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदाही झाला. रेल्वेमुळे लँकेशायरचे कारखानदार आले आणि त्यांनी तळ्याकाठी बंगले बांधले. १८७६मध्ये रेल्वे आणखी आत नेण्याच्या विरोधातल्या एका पुस्तिकेला जॉन रस्किनने प्रस्तावना लिहिली. तिच्यात नजरेचा युक्तिवाद आहे, तोही फार कडवट झालेला. वेळेचा युक्तिवाद घेऊन दुसरेच लोक पुढे गेले: १८७१चा बँक हॉलिडेचा कायदा, १९३२मध्ये किंडर स्काउटच्या बंद माळावर शिरून तुरुंगात गेलेले तरुण कामगार, १९३८चा भरपगारी रजेचा कायदा. आणि जाता जाता: मँचेस्टरची माणसं तळ्याकडे येऊ नयेत अशी इच्छा असणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत थर्लमिअर हे तळंच मँचेस्टरकडे गेलं. १८७९च्या कायद्याने तिथलं पाणी शहराने घेतलं आणि १८९४पासून ते नळाला आलं.

आता तुमच्या विषयाकडे. वर्ड्सवर्थची भीती सगळीच खोटी नव्हती. गर्दीने जागा बिघडतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या धबधब्यांवर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे, आणि 'हुल्लडबाज पर्यटक' हा मथळाही दरवर्षी वाचता. त्यामुळे मर्यादा घालायला विरोध करणं हे काही संशोधकाचं काम नव्हे. मर्यादा कशाला घातली ते बघणं हे काम. कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज किती जणांना सोडायचं यावर बंधन असतं, आणि शुल्कही असतं. दोन्ही एकाच फलकावर लिहिलेलं असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संख्येचं बंधन कुणाच्या खिशाकडे बघत नाही. शुल्क बघतं. आणि बंदी आवाजावर असते तेव्हा ती मोटारीतल्या स्पीकरला लागते की फक्त टेम्पोतल्या ढोलकीला, हे तिथे उभं राहूनच कळेल.

हक्क हा शब्दही आपल्याकडे नीट वाटलेला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलत असते. चार वर्षांच्या गटात गावी जा, एकदा भारतात कुठेही जा, भाडं सरकार देणार. कुठल्या वर्गाने जायचं हेही वेतनस्तरावर ठरलेलं असतं: कुणाला विमान, कुणाला एसी टू टिअर, कुणाला थ्री टिअर. नियमांत त्याला सरळ पात्रता म्हणतात आणि ती न वापरणाऱ्याला सहकारी खुळ्यात काढतात. मला यात गैर काही वाटत नाही. रजा आणि प्रवास ही कामगार चळवळीची कमाई आहे. पण त्याच ऑफिसात कंत्राटावर झाडू मारणाऱ्या बाईला ती नाही. आणि त्याच कर्मचाऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई जत्रेसाठी चार दिवस गावी गेली, की ऐकू येतं: हिचं आपलं सारखं गावच असतं. आपला तो बाब्या. सुट्टी एकाची पात्रता, दुसरीची सवय.

तिची ती चार दिवसांची सुट्टी आकडेवारीत कुठे दिसेल? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२व्या फेरीत (जुलै २०१४ ते जून २०१५) देशांतर्गत पर्यटनाची पाहणी झाली. त्यात प्रत्येक प्रवासाचा एक मुख्य हेतू नोंदवला जातो: सामाजिक, धार्मिक, विरंगुळा, आरोग्य, खरेदी वगैरे. जत्रेला गेलेली बाई धार्मिकमध्ये जाईल, माहेरी गेली असेल तर सामाजिकमध्ये. तिथे ती पाळण्यात बसली, भेळ खाल्ली, नदीवर पाय सोडून तासभर बसली, हे विरंगुळ्याच्या रकान्यात येणार नाही. मग आपण कोष्टक बघून लिहितो की अल्प उत्पन्न गटात विरंगुळ्यासाठी प्रवास नगण्य आहे. पाहणीत काही चूक नाही, तिला एकच हेतू विचारायचा होता. पण त्या कोष्टकावरून 'गरिबांना सुट्टीची गरज किंवा आवड कमी' अशा निष्कर्षाला जो उडी मारतो, तो १८४४च्या डिसेंबरात पोहोचतो.

पत्रं मिळवणं सोपं आहे. वर्ड्सवर्थच्या गद्याचा ग्रोसार्टने संपादित केलेला १८७६चा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, त्यात 'केंडल अँड विंडरमिअर रेल्वे' या नावाखाली ती सापडतील. भाषा जड आहे, वाक्यं लांब आहेत, एका बैठकीत दोन्ही झेपली नाहीत तरी चालेल. दुसऱ्यापासून सुरू करा. दहा तासांच्या विधेयकाचा परिच्छेद आला की पेन्सिलीने खूण करा, मग पहिल्याकडे वळा आणि त्या शेजाऱ्याची भिंत शोधा.